सप्टेंबरअखेर मनाली–लेह–श्रीनगर बाईकवर: हवामानाचा भरवसा नाही, प्लॅन कसा बांधावा?

रानवारा
मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं ठरलंय. चौघं आहोत, गाड्या तीन. दोन हिमालयन ४११ (एकीवर जोडपं) आणि एक पल्सर १५०. गाड्या रेल्वेने चंदीगडला पाठवायच्या आणि तिथून चाकावर.

मार्ग असा: चंदीगड – मनाली – सरचू (मुक्काम) – लेह – खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) – हुंडर – श्योकमार्गे पँगाँग – लेह – कारगिल – श्रीनगर – जम्मू. जम्मूहून गाड्या परत रेल्वेत. परतीची तिकिटं काढून झालीत. लेहमधला एक दिवस सोडला तर मोकळा दिवस नाही.

आता घोळ असा की एक ॲप मनाली-लेह वाटेवरच्या बारालाचा खिंडीत त्या आठवड्यात बर्फ दाखवतंय, दुसरं लख्ख ऊन. "निघा तर खरं, बघू पुढे" हे मला जमत नाही, मी एक्सेल शीटवाला माणूस. हवा कशीही निघू शकते हे धरून लोक प्लॅन कसा बांधतात? दिशा उलटी करावी का? की तारखाच बदलाव्यात?

तिरकस
शीटमध्ये एक कॉलम बारालाचाच्या नावाने रिकामा ठेवा. तो आपलं आपण भरतो.

खडीसाखर
मार्ग चांगला आहे, वेळापत्रक वाईट आहे. प्रत्येक दिवसाचं उत्तर आधीच्या दिवसावर टांगलेलं, आणि शेवटाला रेल्वेची तारीख. असा प्लॅन कुठेही एक दरड आली की कोसळतो. मग माणसं तो सावरायला अंधारात गाडी चालवतात, आणि अपघात तिथे होतात, बर्फात नाही.

माझ्या मते आधी तीन गोष्टी करा.

मोकळा दिवस लेहमध्ये ठेवू नका. तिथे तो शांती स्तूप आणि बाजारात संपतो. मोकळे दिवस प्रवासाच्या शेवटाला, एकगठ्ठा ठेवा आणि वाटेत जिथे अडकाल तिथे त्यातून काढा. उरले तर श्रीनगरला आराम.

प्रत्येक मोठ्या खिंडीआधी एक जागा ठरवा, जिथे थांबून "पुढे की मागे" हा निर्णय होईल. बारालाचासाठी ती जिस्पा किंवा किलाँग. तिथे मुक्कामाला जागा आहे, फोन लागतो, खालून-वरून येणारे ट्रकवाले भेटतात. खिंडीच्या पायथ्याशी, झिंगझिंगबारला पोचून निर्णय घेणारा कधीच मागे फिरत नाही, कारण "आता एवढं आलोच आहोत".

आणि परतीचं तिकीट रद्द करा. पैसे जातील. जाऊ देत.

चारचाकी_सुखी
मी वाचायला बसलोय. हीटर लावून.

हवाबाण
ॲपबद्दल बोलतो, कारण यावर फार गैरसमज आहेत.

पाच दिवसांपुढचा खिंडीचा अंदाज ही करमणूक समजा. दोन ॲप दोन वेगळी मॉडेलं वापरतात, आणि मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. त्या चौकोनाची सरासरी उंची आणि खिंडीची खरी उंची यात सहज पाच-सातशे मीटरचा फरक पडतो. म्हणून ॲप "५ अंश, हलका पाऊस" म्हणतं आणि वर प्रत्यक्षात बर्फ पडत असतो.

त्यापेक्षा शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे ते बघा. विंडी ॲपवर दिसते. ती ४५०० मीटरवर असेल तर बारालाचाला (सुमारे ४८९० मी.) जे पडेल ते बर्फच. ती तांगलांग ला (५३२८ मी.) पेक्षा बरीच वर असेल तर तोही ओला असेल, पांढरा नाही. अंदाजे हिशोब हवा असेल तर दर हजार मीटरला साडेसहा अंश वजा करा. लेहला दुपारी १८ असेल तर तांगलांगला ६ च्या आसपास, आणि वारा धरला तर बोटांना त्याहून पुष्कळ कमी.

दुसरी गोष्ट पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी वादळी हवा. वायव्य भारतातून मान्सूनची माघार साधारण १७ सप्टेंबरपासून सुरू होते. माघार लांबली आणि त्याच वेळी झंझावात आला की दोघं मिळून गोंधळ घालतात. २०१८ च्या सप्टेंबरात, २२ ते २४ च्या सुमारास, लाहौलमध्ये असाच अवेळी बर्फ पडला. शेकडो पर्यटक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं लागली. बरोबर तुमचाच आठवडा.

घाबरवत नाहीये. बहुतेक वर्षी हा आठवडा उत्तम जातो, आकाश निळंभोर असतं. पण बिघडला तर दोन-तीन दिवस बिघडतो आणि मग उघडतो. म्हणजे शिल्लक दिवस तीन तरी हवेत, एक पुरत नाही.

तिरकस
हवाबाण, तुमचं सदस्यनाम आणि विषय यांची जोडी पाहून डोळे पाणावले.

नाडीपरीक्षा
हवामान राहू द्या, मला सरचूची जास्त काळजी वाटते.

मनाली साधारण २०५० मीटर, सरचू ४२९०. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची सव्वादोन हजार मीटरने वाढवताय. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोज झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा आमच्याकडे संकेत आहे. दिवसा कितीही उंच खिंड ओलांडा, रात्री खाली झोपा.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबून बघता येतं, पण आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकला घरघरू लागला, किंवा सरळ रेषेत चालताना तोल गेला की चर्चा बंद, रात्र असली तरी खाली. आणि सरचूची अडचण इथेच आहे. दोन्ही बाजूंना मोठी खिंड. खाली जायला आधी वर चढावं लागतं!

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधी सांगायलाच हवं. आणि ती घेतली म्हणून सरचूला झोपायचा परवाना मिळत नाही.

जुनाखोंड
काय बुवा घाबरवता पोरांना. आम्ही अटल बोगदा नव्हता तेव्हा रोहतांग चढून, स्प्लेंडरवर, सरचूला तंबूत झोपलो. ना गोळी, ना ॲप. सकाळी चहा मारला आणि निघालो. हल्ली गाडी चारशे सीसीची आणि काळजी हजार सीसीची.

नाडीपरीक्षा
काका, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण कुणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. धडधाकट, व्यायाम करणारा तरुण आडवा होतो आणि शेजारचा साठीचा गृहस्थ पत्ते खेळत बसतो. मागच्या वेळी झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही, असंही नसतं. चार जणांत एकाला झालं तरी थांबायचं चौघांना आहे.

जुनाखोंड
बरं. पत्ते मात्र आम्ही खरंच खेळलो होतो.

मीनाक्षी_के
मी मागच्या मोसमात एकटीने उलट्या बाजूने गेले होते, श्रीनगरकडून वर आणि मनालीकडे खाली. रानवारा, दिशा बदला असं माझं स्पष्ट मत.

श्रीनगर १६०० च्या आत, सोनमर्ग आणि कारगिल दोन्ही २७०० च्या आसपास, मग लेह ३५००. झोजी ला (३५२८) आणि फोतू ला (४१०८) दिवसा येतात आणि जातात, झोप खालीच. लेहला पोचता तेव्हा शरीर तयार असतं, मग दोन रात्री तिथे काढून खारदुंगला जा. परतताना सरचूला झोपावं लागलं तरी अंगाला सवय झालेली असते.

रस्त्यात त्रास कुठे? जम्मू–श्रीनगरमध्ये रामबन ते बनिहाल. पावसात तिथे दरडी येतातच, तासन् तास गाड्या उभ्या. दुचाकीला कधी कधी कडेने सोडतात, पण त्यावर विसंबू नका, तो दिवस अर्धा धरा.

माजी_फौजी
या रस्त्यावर नोकरी केली आहे. मीनाक्षीताईंचं उंचीबाबत बरोबर. पण दुसरी बाजूही मांडतो. उलटे गेलात तर बारालाचा तुमच्या वाटेला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार. दर दिवसाला थंडी वाढत असते. मोसम साधारण मे-जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, पण शेवटचे आठवडे हे "रस्ता उघडा आहे" एवढंच सांगतात, "रस्ता चांगला आहे" असं नाही.

सकाळी लवकर निघा हा सल्ला जुलैचा आहे. तेव्हा बर्फ वितळून दुपारी नाल्यांना पाणी चढतं, म्हणून पहाटे निघायचं. सप्टेंबरअखेर नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, पण जे पाणी रस्त्यावरून वाहतं ते रात्री गोठतं. सकाळी सातला, सावलीच्या वळणावर, डांबर ओलं दिसतं आणि ते ओलं नसतं. काच असते. पुढचा ब्रेक लावलात की गाडी तुमच्या आधी खाली बसते. म्हणून ऊन रस्त्यावर आल्यावर निघा, आणि दुपारी तीनच्या आत शेवटची खिंड उतरा. मधले तास कमी पडत असतील तर मुक्काम वाढवा.

खडीसाखर
फौजीसाहेबांचा मुद्दा मान्य. तरी मी मीनाक्षीच्या बाजूने. समजा उलटे गेलात आणि बारालाचा बंद झाली. तर तुम्ही कुठे असाल? लेहमध्ये. तिथे दवाखाना आहे, हॉटेल आहे, आणि ज्या रस्त्याने आलात तो श्रीनगरचा रस्ता हातात आहे. उलट मनालीकडून निघून वर अडकलात तर सरचूच्या तंबूत. अडकायचंच असेल तर कुठे अडकायचं, एवढं तरी आपल्या हातात ठेवावं.

हवाबाण
+१. लेहहून निघायच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या ४८ तासांचा अंदाज बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. त्यासोबत हवामान खात्याचा लाहौल-स्पितीचा इशारा बघा. पिवळा असेल तर डोळे उघडे ठेवा. नारिंगी किंवा लाल असेल तर लेहमध्ये बसा आणि थुक्पा खा.

चारचाकी_सुखी
एक बाळबोध प्रश्न. पल्सर १५० जाईल का? पाच हजार मीटरवर तिचा जीव जाणार नाही?

खडीसाखर
जाते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणून इंजिनाची ताकदही तशीच घटते. पल्सर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढेल. कार्बुरेटरवाली असेल तर वर मिश्रण घट्ट होतं, धूर आणि धडपड जास्त. फ्युएल इंजेक्शन असेल तर ते स्वतः जुळवून घेतं.

मात्र जोडपं हिमालयनवर ठेवलंय ते बरोबर. पल्सरवर सामान कमी, आणि चढावर अर्धा क्लच दाबून रेटायचं नाही. वळणावर थांबलात तर एक चाक दगडाला टेकवून उभे रहा आणि मग सुटा. गाटा लूप्सची एकवीस वळणं संपेपर्यंत क्लच प्लेटचा वास आला की समजायचं काय झालं ते.

पेट्रोलचं: टांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किमी" ही पाटी प्रसिद्ध आहे. तुम्ही उलटे येणार, म्हणून लेह किंवा कारूला टाकी काठोकाठ आणि प्रत्येक गाडीमागे पाच लिटरचा कॅन. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात मायलेज पडतं. मोरे मैदानात तर वारा आडवा लागतो, गाडी तिरकी करून सरळ चालवावी लागते.

तिरकस
"तिरकी करून सरळ" हे माझ्या चरित्राचं शीर्षक ठेवतो.

काकडआरती
हातमोज्यांवर कुणी बोललं नाही म्हणून येतोय. माणूस थंडीने नाही, ओल्या हातांनी हरतो. रायडिंगच्या दुकानातले "वॉटरप्रूफ" हातमोजे दोन तासांच्या पावसात आतून भिजतात आणि मग अस्तर बोटांना चिकटतं. एकदा हात काढला की परत आत जात नाही. अस्तर उलटं होऊन बाहेर येतं, आणि खिंडीवर उभं राहून ते पेनाने ढकलत बसावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे भांडी घासायचे रबरी हातमोजे, सर्वांत मोठ्या मापाचे, वरून चढवायचे. दिसायला भयानक, पण ब्रेक-क्लच हाताला नीट कळतात.

पायांना मोजे, त्यावर प्लास्टिक पिशवी, त्यावर बूट. रेनकोट जॅकेटच्या वरून. तो "पाऊस आला की घालू" असा ठेवायचा नाही, खिंड चढायच्या आधीच घालायचा, वारा अडवायलाही तोच. फोन आणि पॉवर बँक रात्री पांघरुणात घ्या, थंडीत बॅटरी बसते.

मीनाक्षी_के
रबरी हातमोजे +१००. हसणाऱ्यांनी नंतर माझ्याकडेच मागितले होते.

फोनचं अजून एक. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम चालत नाही. चौघांत किमान दोन पोस्टपेड, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांची. लेह सोडलं की रेंज येते-जाते, म्हणून घरच्यांना आधीच सांगा की "फोन नाही आला म्हणजे काही झालं असं नाही". माझ्या आईला हे सांगूनही उपयोग झाला नाही तो भाग वेगळा.

चारचाकी_सुखी
जाता जाता, खारदुंग ला जगातला सर्वांत उंच रस्ता ना? पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय.

हवाबाण
पाटीवर काहीही लिहितात. प्रत्यक्षात ५३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) बांधलेला उमलिंग ला ५७९८ मीटर आहे.

जुनाखोंड
म्हणजे माझा फोटो ७९८ फुटांनी खाली आला?

तिरकस
हसून हसून पुरे वाट. काका, फ्रेम जरा वर टांगा.

रानवारा
सगळ्यांना धन्स, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न. श्योकमार्गे हुंडर ते पँगाँग रस्त्यात नाले आहेत म्हणतात. आमच्यातल्या दोघांनी नाला कधी ओलांडलेला नाही.

माजी_फौजी
त्या महिन्यात पाणी कमी असतं, तरी पद्धत सांगतो. आधी थांबा. एखादा ट्रक किंवा जीप जाऊ द्या, चाक किती बुडतं आणि कुठे उसळतं ते बघा. कोणी येत नसेल तर एकाने बूट काढून चालत जावं. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ जाणवत असेल तर गाडी घालायची नाही.

घालायची तर एका वेळी एकच. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, क्लच दाबायचा नाही, नजर समोरच्या काठावर. पाण्याकडे बघितलंत की हँडल पाण्याकडे जातं. मागे बसलेल्याने उतरून चालत यावं. मध्येच गाडी बंद पडली आणि सायलेन्सर पाण्याखाली असेल तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करा.

खडीसाखर
आणि मधला प्रश्न कुणीच विचारला नाही: पँगाँग हवंच का? नुब्रा (हुंडर आहे ते खोरं) आणि पँगाँग दोन्ही घेतलंत तर तीन शिल्लक दिवस येणार कुठून?

रानवारा
हाच वाद काल रात्री घरी झाला. पल्सरवाला मित्र म्हणतो पँगाँग नसेल तर मी येतच नाही.

सुधारित शीट असं:
जम्मू – श्रीनगर – सोनमर्ग – कारगिल – लेह. लेहमध्ये दोन रात्री. मग नुब्रा किंवा पँगाँग, लेहला त्या सकाळची हवा बघून. परत लेह. तिथे संध्याकाळी हवाबाण पद्धतीने शून्य अंशाची पातळी आणि इशारा बघायचा. उघडं असेल तर लेह – सरचू किंवा थेट जिस्पा – मनाली – चंदीगड. बंद असेल तर आल्या वाटेने श्रीनगर. तीन दिवस शेवटाला कोरे. रेल्वेचं परतीचं आरक्षण रद्द केलं, गाड्या जिथून उतरू तिथून पाठवू.

माजी_फौजी
आता बरं दिसतंय. लेह ते जिस्पा एका दिवसात सव्वातीनशेच्या वर किलोमीटर आणि मध्ये तांगलांग, लाचुलुंग, नकी, बारालाचा अशा चार खिंडी. ऑक्टोबरच्या छोट्या दिवसात, नऊला निघून, ते होणार नाही. सरचूला सरळ थांबा. मुक्काम आधी फोन करून विचारा, त्या सुमाराला तंबूवाले गुंडाळून खाली उतरायला लागलेले असतात. सरचू बंद असेल तर पांग इथे काही ना काही मिळतं, पण ती जागा आणखी उंच.

नाडीपरीक्षा
तोवर तुम्हाला लडाखमध्ये आठवडा झालेला असेल, तेव्हा सरचूला माझा विरोध मागे. पांगला शक्यतो नको.

तिरकस
आणि पल्सरवाला मित्र?

रानवारा
"किंवा" ठळक केलंय ते त्याच्यासाठीच. त्याला वाटतंय हवा पँगाँगच्या बाजूने कौल देईल.

शेवटचा तांत्रिक प्रश्न: हिमालयनला पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ इंची, दोन्ही ट्यूबवाली. दोन गाड्यांसाठी जास्तीच्या ट्यूब किती घ्यायच्या?

खडीसाखर
जागा असेल तर दोन्ही मापांची एकेक. जागा नसेल तर २१ इंची एकच, अडीअडचणीला ती दुमडून मागच्या चाकातही बसवता येते आणि पुढच्या गावापर्यंत नेते. उलटं, म्हणजे १७ ची २१ मध्ये, करू नका. टायर लिव्हर, हातपंप आणि पॅच घ्या, आणि निघायच्या आधी घराखाली एकदा चाक स्वतः उतरवून बघा, ॲक्सलचा नट किती ताकद मागतो ते कळेल. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल आत्ताच जुन्या केबलला लागून बांधून टाका, वर बोटं चालत नाहीत.

आणि गाडी रेल्वेत घालताना टाकी रिकामी लागते, तेव्हा जम्मूला उतरल्यावर पंपापर्यंत ढकलायची तयारी ठेवा.

चारचाकी_सुखी
ढकलायला मी येतो. जम्मूपर्यंतच.